उष्णतेला निसटायला जागा किती?

सर्व दिशांना अमर्याद पसरलेला एक पदार्थ घ्या. त्याला कुठेच कड नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूपाशी उष्णता तयार होते आहे, आणि जिथे तापमान जास्त तिथे ती जास्त तयार होते. नेमकी किती, हे आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते इतकेच, की ती तापमानाच्या घनापेक्षा कमी नाही. तापमान सगळीकडे शून्याच्या वर आहे. असा पदार्थ कायम आहे त्या स्थितीत राहू शकेल का? म्हणजे जेवढी उष्णता तयार होते तेवढीच वाहून जाईल आणि कुठल्याही बिंदूचे तापमान काळाबरोबर बदलणार नाही, असे घडेल का?

आपल्या सपाट त्रिमितीत याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घनाच्या जागी चौथा घात घेतला तर उत्तर लगेच ‘होय’ होते. आणि अवकाशच वक्र असेल, तेही ऋण वक्रतेचे, तर घन घ्या की वर्ग घ्या, उत्तर ‘होय’च येते. पदार्थ, तापमान, अट यांतले काहीही न बदलता केवळ अवकाशाचा आकार बदलला की निकाल फिरतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या प्रकारच्या प्रश्नांचे एक मोठे शास्त्र उभे राहिले आहे. त्यात उकल शोधून काढण्याचा आग्रह नसतो. उकल असू शकते का, असली तर ती मर्यादेत राहते की अनंताकडे धावते, दूरवर गेल्यावर तिचे काय होते, असे गुणात्मक प्रश्न त्यात विचारले जातात.

या सगळ्याचा पाया एका साध्या राशीत आहे. कुठल्याही बिंदूच्या लगतच्या शेजाऱ्यांचे सरासरी तापमान आणि त्या बिंदूचे स्वतःचे तापमान यांतला फरक मोजायचा आणि योग्य त्या प्रमाणात मांडायचा. ही राशी म्हणजे लाप्लासियन. शेजाऱ्यांची सरासरी कमी असेल तर बिंदूतून उष्णता बाहेर वाहते, जास्त असेल तर आत येते. ‘बाहेर वाहणारी उष्णता अमुक इतकी आहे’ असे म्हटले की अवकल समीकरण होते. ‘निदान अमुक इतकी आहे’ असे म्हटले की अवकल असमता होते. तापमानाचा घन किंवा वर्ग आत आला की ती अरेषीय ठरते.

समीकरण सोडून असमतेकडे का वळायचे? मला वाटते, कारण आपल्याला खरोखर जे माहीत असते ते बहुतेक वेळा असमतेच्याच रूपात असते. मोजमापात त्रुटीची मर्यादा माहीत असते, त्रुटी माहीत नसते. भूमितीत तर हे फारच खरे आहे. एखाद्या पृष्ठाची वक्रता प्रत्येक बिंदूपाशी नेमकी किती हे क्वचितच सांगता येते. ‘ती कुठेही अमुकच्या वर जात नाही’ असे मात्र पुष्कळदा सांगता येते. एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून संपूर्ण अवकाशाबद्दल ठाम निष्कर्ष निघतो, ही मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आधी एक मिती कमी करून पाहू. अमर्याद सपाट पत्र्यावर एका जागी सतत उष्णता सोडली. तापमान स्थिर राहायचे तर तेवढीच उष्णता त्या जागेभोवतीच्या प्रत्येक वर्तुळातून पार झाली पाहिजे. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तापमानाचा उतार त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. आता तापमान एकूण किती उतरले याची बेरीज केली तर ती एक, एक-द्वितीयांश, एक-तृतीयांश अशी चालते, आणि ही बेरीज कुठेच थांबत नाही. म्हणजे उष्णता अनंतापर्यंत ढकलायची तर तापमान उतरतच गेले पाहिजे, आणि कितीही उंचावरून सुरुवात केली तरी ते कधीतरी शून्याखाली जाणारच. सपाट पत्र्यावर धन तापमान राखून उष्णतेचा लहानसा स्रोतही कायमचा चालू ठेवता येत नाही. मग तापमानाचा घन घ्या नाहीतर शंभरावा घात, प्रश्नच मिटतो.

त्रिमितीत गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे उतार एक, एक-चतुर्थांश, एक-नवमांश असा झपाट्याने कमी होतो आणि बेरीज मर्यादित राहते. उष्णता अनंताकडे निसटू शकते, आणि तापमान अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटत शून्याकडे जाते. हाच फरक जॉर्ज पोल्या यांनी १९२१ मध्ये वेगळ्या रूपात दाखवला. चौकोनी जाळीवर प्रत्येक चौकात चिठ्ठी टाकून दिशा निवडणारा वाटसरू कधीतरी मूळ जागी परततोच; त्रिमितीय जाळीवर मात्र परतण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच असते. उष्णतेचे पसरणे म्हणजे अशा असंख्य आंधळ्या पावलांचीच गोळाबेरीज, त्यामुळे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत.

आता त्रिमितीत घनाचीच अडचण का, ते पाहू. इथे जरा थांबून हिशेब करण्यासारखा आहे. सपाट त्रिमितीत उष्णता कुठेही तयार होत असेल, तर दूरवरचे तापमान अंतराच्या व्यस्त प्रमाणापेक्षा वेगाने घटू शकत नाही. मधला एक स्रोतच तापमान निदान तेवढे वर धरून ठेवतो. म्हणून १०० एकक अंतरावर तापमान निदान एका स्थिरांकाच्या शंभराव्या भागाइतके तरी असणार, आणि तिथे तयार होणारी उष्णता निदान त्याच्या घनाइतकी, म्हणजे दहा लाखाव्या भागाच्या घरात. हे फार क्षुल्लक वाटते. पण त्या अंतरावरच्या कवचाचे आकारमान अंतराच्या वर्गाने, म्हणजे दहा हजारांच्या पटीने वाढलेले असते. गुणाकार केला की प्रत्येक कवचाचा वाटा अंतराच्या व्यस्त प्रमाणात येतो, आणि पुन्हा तीच कधीही न थांबणारी बेरीज समोर उभी राहते. एकूण उष्णता अनंत होते. मग तापमान आपण धरले त्याहून जास्त असले पाहिजे, म्हणजे उष्णता आणखी जास्त, आणि हिशेब जुळायची आशा संपते. घनाच्या जागी चौथा घात घेतला तर कवचांचे वाटे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येतात. बेरीज मर्यादित राहते आणि उकल बांधता येते. तापमान एकाहून कमी असले की वरचा घात लहान संख्या देतो, म्हणून घातांक वाढवणे म्हणजे इथे अट सैल करणे. ३ हा घातांक बरोबर उंबरठ्यावर पडतो, आणि उंबरठाही ‘नाही’च्या बाजूला मोजायचा.

गंमत अशी की ‘निदान’ हा शब्द काढून टाकला आणि उष्णता तापमानाच्या त्या घाताइतकी नेमकी तयार होते असे समीकरण मांडले, तर उंबरठा ३ वरून ५ वर जातो. हे बेसिलिस गिडास आणि जोएल स्प्रक यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. ३ आणि ५ यांच्या मधल्या घातांकांसाठी असमतेला उकली आहेत, समीकरणाला एकही धन उकल नाही. पण समीकरणाचा ५ हा आकडा सपाट अवकाशाच्या समरूपतेवर फार अवलंबून आहे. असमतेचा ३ हा आकडा वरच्यासारख्या मोजदादीतून येतो, आणि म्हणूनच तो सपाटपणा गेल्यावरही अर्थपूर्ण राहतो.

वक्र अवकाश डोळ्यांसमोर आणायला क्रोशाचे विणकाम उपयोगी पडते. लॅटव्हियात जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये ऋण वक्रतेच्या पृष्ठाची टिकाऊ प्रतिकृती क्रोशाने विणून काढली. पद्धत सोपी आहे. प्रत्येक फेरीत ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचे नाही. पहिल्या काही फेऱ्यांत विणकाम साधेच दिसते. मग कडेला जागा पुरेनाशी होते, काठ वर-खाली वळू लागतो, आणि थोड्याच फेऱ्यांत भरगच्च झालर तयार होते. मधून काठापर्यंतचे अंतर वीतभरच असते, पण काठ उलगडून मोजायला घेतला तर तो संपता संपत नाही. टायमिनांच्या आधी ही रूपे कागदाच्या पट्ट्या चिकटवून केली जात, आणि ती हाताळताना फाटत. विणलेले रूप मात्र दुमडता येते, त्यावर सरळ रेषा टाचता येतात आणि समांतर रेषा एकमेकींपासून दूर कशा पळतात ते बोटांनी अनुभवता येते.

या पृष्ठाचे गणिती नाव अपास्तीय प्रतल. वक्रता उणे १ धरली तर त्यावर १० त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ६९,००० भरते. सपाट कागदावर ते ३१४ असते. त्रिमितीत तफावत आणखी मोठी. १० त्रिज्येच्या गोलाचे घनफळ सपाट अवकाशात सुमारे ४,२०० आणि अपास्तीय अवकाशात सुमारे ७६ कोटी!

इतकी जागा असल्यावर उष्णता अडणार कुठे? अपास्तीय त्रिमितीत तापमानाची एक उकल हाताने लिहून देता येते. केंद्रापासूनच्या अंतराला त्याच अंतराच्या अपास्तीय साइनने भागायचे. केंद्रात हे तापमान १ असते, १ अंतरावर सुमारे ०.८५, ५ अंतरावर ०.०६७, आणि १० अंतरावर एक-हजारांशाहूनही कमी. या फलनाचा गुण असा, की प्रत्येक बिंदूतून बाहेर वाहणारी उष्णता तिथल्या तापमानाइतकीच असते, ना कमी ना जास्त. आणि तापमान कुठेच १ च्या वर नसल्यामुळे त्याचा वर्ग, घन, किंवा १ पेक्षा मोठा कुठलाही घात स्वतः तापमानाहून मोठा होऊ शकत नाही. म्हणजे ‘निदान इतकी’ ही अट आपोआप पुरी होते. सपाट अवकाशात घातांकागणिक वेगळा विचार करावा लागला, इथे एकाच फलनाने सगळे घातांक एकदम निकालात निघतात.

या अवकाशात समीकरणाचे चित्रही वेगळे दिसते. रोममधले जानी मान्चिनी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रातले के. संदीप यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून कळते, की १ आणि ५ यांच्या मधल्या घातांकांसाठी, जिथे सपाट त्रिमितीत एकही धन उकल नव्हती, तिथे अपास्तीय त्रिमितीत मर्यादित ऊर्जेची धन उकल असते. आणि ती एकच असते; ती उचलून दुसरीकडे ठेवणे एवढाच काय तो पर्याय.

मग या दोन टोकांच्या मधल्या अवकाशांचे काय? कुठे सपाट, कुठे वळलेले, कुठे फुगलेले, कुठे चिंचोळे, अशा ओबडधोबड अवकाशात वक्रतेचा नेमका हिशेब कोण ठेवणार? इथे अलेक्झांडर ग्रिगोर्यान आणि युहुआ सुन यांचा २०१४ मधला निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी वक्रतेबद्दल काही विचारलेच नाही. अवकाश पूर्ण असावा, म्हणजे चालता चालता अचानक संपू नये, एवढीच अट. बाकी विचारायचे ते गोलाचे घनफळ. घनाच्या अटीपुरता त्यांचा निकाल असा आहे: गोलाचे घनफळ त्रिज्येचा घन गुणिले त्रिज्येच्या लॉगरिथमचे वर्गमूळ, या मापाच्या ठरावीक पटीत राहिले तर धन उकल अशक्य. त्रिज्या १० लाख असताना हा जादा गुणक जेमतेम ३.७ भरतो. पण लॉगरिथमचा घात अर्ध्यापेक्षा यत्किंचितही वाढवू दिला, तर उकल असलेले अवकाश दाखवता येतात. इतकी बारीक रेषा, आणि ती केवळ घनफळ मोजून ओढलेली. इतर घातांकांसाठीही असेच सूत्र आहे.

आतापर्यंत पदार्थ उष्णता तयार करत होता. आता चिन्ह उलटे करू: शेजाऱ्यांची सरासरी बिंदूच्या स्वतःच्या किमतीपेक्षा निदान काही प्रमाणात जास्तच आहे, आणि किंमत वाढली की हे प्रमाणही वाढते. इथे धोका वेगळा असतो. ठेवीचे उदाहरण घ्या. व्याजाचा दर कायम असेल तर मुद्दल चक्रवाढीने कितीही फुगले तरी कुठल्याही दिवशी ते मोजता येते. पण दरच मुद्दलाच्या प्रमाणात वाढत गेला तर? एका रुपयाला वर्षाला शंभर टक्के, दोन रुपयांना दोनशे टक्के, आणि ही वाढ क्षणोक्षणी होत राहिली, तर सहा महिन्यांनी २ रुपये होतात, नऊ महिन्यांनी ४, आणि वर्ष पुरे होताना अनंत. उकल काळाच्या मध्येच फुटते.

अवकाशातही असेच होते. १९५७ साली जोसेफ केलर आणि रॉबर्ट ऑसरमन यांनी स्वतंत्रपणे एकच कसोटी शोधली: वाढीचा जोर किती असला की संपूर्ण सपाट अवकाशभर पसरलेली उकल अशक्य होते. किमतीच्या पहिल्या घातापर्यंत जोर असेल तर उकल असते, त्याहून मोठा घात आला की धन उकल उरत नाही. केलर भांड्यात कोंडलेल्या विद्युतभारित वायूच्या समतोलाचा विचार करत होते. ऑसरमन यांना ऋण वक्रतेची पृष्ठे समजून घ्यायची होती. दोघे एकाच असमतेपाशी येऊन पोचले.

ऑसरमन यांच्या पद्धतीचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. समजा प्रतलावरच्या एका फलनाचा लाप्लासियन सगळीकडे निदान त्या फलनाच्या घातांकी फलनाइतका आहे. कुठल्याही त्रिज्येची चकती घ्या. तिच्यावर एक ‘कुंपण’ नेमके लिहिता येते: तेच समीकरण पाळणारे आणि चकतीच्या कडेला अनंतापर्यंत चढणारे फलन. आपले फलन त्या कुंपणाच्या खालीच राहिले पाहिजे. ते कुठे वर गेलेच, तर दोघांतला फरक ज्या बिंदूपाशी सर्वांत जास्त, तिथे त्या फरकाची शेजारची सरासरी वाढलेली असू शकत नाही. असमता मात्र ती वाढलेली असल्याचे सांगते. हा विरोध झाला. आता कुंपणाची केंद्रातली किंमत पाहा: ८ भागिले त्रिज्येचा वर्ग, याचा नैसर्गिक लॉगरिथम. त्रिज्या १० असताना उणे २.५, १०० असताना उणे ७.१, १,००० असताना उणे ११.७. चकती हवी तेवढी मोठी घेता येते, म्हणून केंद्रातली आपली किंमत प्रत्येक ऋण संख्येच्या खाली असली पाहिजे. अशी संख्याच नाही, म्हणून असे फलनही नाही.

याचा भूमितीतला अर्थ असा, की संपूर्ण प्रतलावर कोनांना धक्का न लावता अंतरे नव्याने ठरवली, तर वक्रता सगळीकडे एखाद्या ठरावीक ऋण संख्येच्या खाली ठेवता येत नाही. लार्स आल्फोर्स यांनी १९३८ मध्ये याच धाटणीचा विचार मांडला होता. त्यातून एमिल पिकार यांचे १८७९ चे प्रसिद्ध प्रमेयही निघते: संपूर्ण संमिश्र प्रतलावर सगळीकडे अवकलनीय असलेले आणि स्थिर नसलेले फलन फार तर एकच किंमत टाळू शकते.

वरच्या युक्तिवादात एक जागा नाजूक आहे. ‘फरक जिथे सर्वांत जास्त तो बिंदू’ असे आपण बिनदिक्कत म्हटले, कारण चकती मर्यादित होती. अमर्याद अवकाशात असा बिंदू असेलच असे नाही. किंमत चढत चढत अनंताकडे निघून जाऊ शकते. हिदेकी ओमोरी यांनी १९६७ मध्ये आणि शिंग-तुंग याऊ यांनी १९७५ मध्ये यावर तोड काढली. वक्रता फार ऋण नसेल, तर सर्वोच्च बिंदू नसला तरी त्याची भूमिका निभावणारे बिंदू सापडतात: तिथे किंमत सर्वोच्च मर्यादेच्या हवी तितकी जवळ असते आणि लाप्लासियन शून्याच्या वर जवळपास जात नाही. स्तेफानो पिगोला, मार्को रिगोली आणि अल्बेर्तो सेत्ती या इटालियन गणितज्ञांनी २००३ मध्ये यातला लाप्लासियनबद्दलचा भाग वेगळा काढून दाखवले, की तो नेमका कुठे खरा ठरतो: पोल्यांचा आंधळा वाटसरू जिथे मर्यादित वेळात अनंताला पोचत नाही तिथे. टायमिनांच्या विणकामात टाके वाढवण्याचे प्रमाण कायम असते, तिथे हा धोका नाही. पण ते प्रमाणच फेरीगणिक भराभर वाढवत नेले, तर अवकाश पूर्ण असूनही वाटसरू ठरावीक वेळात त्याच्याबाहेर फेकला जाऊ शकतो.

याचा एक सुंदर वापर साबणाच्या पापुद्र्यांसारख्या पृष्ठांवर होतो. ताणामुळे प्रत्येक बिंदूपाशी समतोल साधलेल्या अशा पृष्ठाला लघुतम पृष्ठ म्हणतात. कुठेही कड नसलेले, पूर्ण लघुतम पृष्ठ एखाद्या मर्यादित गोलात मावेल का, हा यूजेनियो कालाबी यांनी १९६० च्या दशकात पुढे आणलेला प्रश्न होता. निकोलाय नादिराश्विली यांनी १९९६ मध्ये असे एक पृष्ठ बांधून दाखवले. ते गोलाच्या आत स्वतःला छेदत छेदत अखंड गुंडाळत जाते. आता लघुतम पृष्ठावर केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाचा लाप्लासियन प्रत्येक बिंदूपाशी बरोबर ४ असतो. पृष्ठ गोलात असल्यामुळे हा वर्ग मर्यादेच्या वर जाऊ शकत नाही. तरीही त्या मर्यादेजवळ लाप्लासियन शून्याकडे झुकत नाही, तो ४ च राहतो. तेव्हा नादिराश्विलींच्या पृष्ठावर ओमोरी आणि याऊ यांचे तत्त्व चालत नाही. त्यावर सोडलेला वाटसरू मर्यादित वेळात अनंताला पोचू शकतो. आणि ग्रिगोर्यान यांच्याच आणखी एका निकालानुसार, त्या पृष्ठावरच मोजलेल्या अंतरांनी आखलेल्या वर्तुळांचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या कुठल्याही ठरावीक पटीच्या घातांकी वाढीलाही मागे टाकत असले पाहिजे, आणि हे सारे क्षेत्रफळ हातात मावेल अशा गोलाच्या आत.